खान्देशात दोघांनी रान पाहायचे, तर चार दिवसांत किती ठिकाणे?

ताई, आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या दोघांना मिळून चार दिवसांची रजा आहे, स्वतःची छोटी गाडी आहे, तर भुसावळहून निघून हतनूर, पाल, मनुदेवी, उनपदेव, तोरणमाळ आणि परतताना पाटणादेवी असा फेरा त्यात बसेल का? त्याच प्रश्नात जरा खाली आपण आणखी दोन ओळी लिहिल्या आहेत. मागच्या वर्षी एका व्याघ्रप्रकल्पात दोन सफारी करूनही वाघ दिसला नाही, म्हणून आपले यजमान घर येईपर्यंत नीट बोलले नाहीत. आणि आपल्याला पायी हिंडायचे होते, पक्षी पाहायचे होते, ते जीपमध्ये बसून राहिल्यामुळे झालेच नाही. माझ्या मते खरा प्रश्न या दोन ओळींत आहे. वरचा फेरा बसेल की नाही, हे त्याच्या उत्तरावरून आपोआप ठरेल.

आधी माझ्याविषयी दोन वाक्ये सांगते, म्हणजे माझे म्हणणे कितपत मानायचे ते आपल्याला ठरवता येईल. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि माझे यजमान रेल्वेत लोको पायलट होते. लग्नानंतरची सव्वीस वर्षे, त्यांची ड्यूटी आणि माझे तास यांतून फट सापडेल तेव्हा, आम्ही सातपुड्यात आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत हिंडलो. निवृत्तीनंतर मी जोडप्यांना आणि लहान गटांना रानात घेऊन जाते. त्यामुळे रानात गेलेली नवरा-बायको एकमेकांवर का चिडतात, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

फेऱ्याचे उत्तर स्पष्टच देते: बसणार नाही, आणि ओढूनताणून बसवलात तर हाती काही लागणार नाही. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असा सातपुड्याच्या पायथ्याने जातो, म्हणून नकाशात ही ठिकाणे एका दोऱ्यात ओवल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात पाल काय, मनुदेवी काय, तोरणमाळ काय, सारी या रस्त्याच्या उत्तरेला डोंगरात आहेत. मुख्य रस्ता सोडून वर जायचे आणि पुन्हा खाली यायचे, हे दरवेळी करावे लागते. भुसावळ ते तोरणमाळ हेच अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. तिथून पाटणादेवी म्हणजे तापी ओलांडून, दोंडाईचा-धुळे करत थेट चाळीसगावच्या दक्षिणेला. सगळे मिळून सहाशे किलोमीटरहून अधिक गाडी चालवावी लागेल.

अंतरापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. जानेवारीत आपल्याकडे सात-सव्वासातला उजाडते आणि सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. प्राण्यांची हालचाल उजाडल्यापासूनचे दोन-अडीच तास आणि मावळण्याआधीचे दोन तास एवढीच असते; मधल्या वेळात ते दाट सावलीला बसून असतात. आता आपला फेरा घड्याळावर मांडून पाहा. सकाळी लॉजवर चहा-नाश्ता करून साडेनऊला निघायचे, दुपारी एकला ऐन उन्हात रानात पोहोचायचे आणि चार वाजता, म्हणजे रान जागे होऊ लागते त्याच वेळी, पुढच्या मुक्कामासाठी गाडीत बसायचे. चार दिवसांच्या रजेत खऱ्या अर्थाने तीनच पहाटा आणि तीनच संध्याकाळी मिळतात. त्या सहा वेळा आपण रानात असाल की रस्त्यावर, एवढाच हिशोब आहे.

आता त्या दोन ओळींकडे येते. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही पालला गेलो होतो. सुकी नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या नाल्याच्या काठी कांडोळाचे झाड होते. पांढरेफटक खोड, पानांचा पत्ता नाही, आणि सालीचे कागदासारखे पापुद्रे उन्हात चमकत होते. मी थांबले. यजमान आणि बरोबरचा वाटाड्या पुढे गेले, कारण पुढे अस्वलाच्या पायाचे ठसे आहेत असे त्याने सांगितले होते. अर्धा तास झाला तरी ते परतले नाहीत, म्हणून मी झाडाला पाठ टेकून बसले. नाल्याच्या वळणावर घमेल्याएवढे पाणी शिल्लक होते. त्या पाण्यावर शेळीच्या करडाएवढे, तपकिरी रंगाचे एक जनावर आले, पुढचा पाय उचलून बराच वेळ तसेच उभे राहिले, मग मान खाली घालून प्याले. मान खाली गेली तेव्हा मला दिसले की दोन सरळ शिंगांच्या पुढे, कपाळावर, बोटाच्या पेराएवढे आणखी दोन कोंब आहेत. मला वनस्पती कळत होत्या, प्राणी नव्हे. तो चौसिंगा होता हे वाटाड्याने नंतर वर्णनावरून सांगितले. यजमानांनी चार किलोमीटर पायपीट केली होती आणि त्यांना ठसेच दिसले होते. पुढची तीन वर्षे ते माझ्या चौसिंग्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही तो विषय आमच्या घरी जपूनच काढावा लागतो.

चौसिंग्याला पाणी रोजचे लागते आणि तो पाण्यापासून फार दूर राहत नाही. त्यामुळे मला तो दिसला यात माझे कौतुक काही नाही, मी योग्य जागी गप्प बसले होते इतकेच. पण त्या दिवसापासून आमची एक पद्धत पडली आणि आता माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी ती सांगते. सकाळचे पहिले दोन तास बसायचे, आणि कुठे बसायचे ते ज्याला प्राणी पाहायचे आहेत त्याने ठरवायचे. त्यानंतर चालायचे, आणि चालताना ज्याची चाल हळू असेल त्याने पुढे राहायचे. हळू चालणारा मागे असला की पुढचा सारखा वळून पाहतो, थांबतो, उसासा टाकतो, आणि तो उसासा मागच्याला पन्नास पावलांवरून ऐकू येतो. क्रम उलटा केला की निम्मी भांडणे मिटतात. उरलेली निम्मी दुर्बिणीवरून होतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

बसणे म्हणजे नुसते टेकणे नव्हे, हे यजमानांना आधीच सांगा, कारण ज्याला जनावर बघायची घाई असते त्याला बसणे ही शिक्षा वाटते. पाण्याच्या जागेपासून चाळीस-पन्नास पावले दूर, वारा पाण्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, जाड खोडाला पाठ लावून, आणि जमल्यास सूर्य पाठीशी ठेवून बसावे. रान आपल्याला विसरायला वीस-पंचवीस मिनिटे घेते. आधी सातभाई पक्षी परत येऊन पाचोळा उकरू लागतात, मग खारी उतरतात, मग लांडोर बाहेर येते. हे सारे पूर्ववत झाले की आपण तिथे असून नसल्यासारखे झालो, असे समजावे. त्यानंतर कानांनी काम करावे. वानराचा खरखरीत खकार किंवा भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे एकाच दिशेने पुन्हापुन्हा येऊ लागले, तर तिकडे बिबट्या चालतो आहे असे मानायला हरकत नाही. तो दिसेलच असे नाही. पण तो कोणत्या ओढ्यातून कोणत्या टेकाडाकडे गेला, हे ऐकून ओळखता येणे यात यजमानांना रस वाटू लागला, तर आपली अर्धी अडचण दूर झाली.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आता सांगते. पहिली गोष्ट सागाची. पाल ज्यात येते ते यावल अभयारण्य हे मुख्यतः सागाचे आणि अंजनाचे रान आहे. जानेवारीत सागाची बरीच पाने अजून झाडावर असतात, त्यामुळे दूरवरचे दिसत नाही, पण पायाखाली आवाज कमी होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळतात, दृष्टी खोलवर जाते, आणि मग एक पाऊल टाकले तरी पापड मोडल्यासारखा आवाज सबंध खोऱ्याला ऐकू जातो. म्हणून जानेवारीत मी थोडे अधिक चालायला सांगते आणि मार्चमध्ये जवळजवळ बसूनच राहायला. दुसरी गोष्ट पाण्याची. पाऊस चांगला झाला असेल तर जानेवारीत नाल्यानाल्यांत डबकी असतात आणि प्राणी पांगलेले राहतात. पाऊस कमी झाला असेल तर तेच प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर येतात. तिसरी गोष्ट आपल्या दोघांचे गुडघे, ज्याविषयी आपण काही लिहिलेले नाही. उन्हाळ्याचा विचार मात्र करू नये. भुसावळचा उन्हाळा आपल्याला मी काय सांगावा!

या साऱ्याचा विचार करून माझा सल्ला असा: दोन रात्री पाल, एक रात्र घरी, आणि चौथ्या दिवसाची पहाट हतनूरला. घरी रात्र काढायची हे वाचून आपल्याला हसू येईल, पण हतनूर भुसावळच्या इतके जवळ आहे की तिथे वेगळा मुक्काम शोधण्यापेक्षा आपल्या अंथरुणात झोपून पहाटे साडेपाचला निघणे सोयीचे.

पाल हे रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या ऐन कुशीत आहे. सावद्याहून निघालो की केळीच्या बागा संपतात, जमीन लाल आणि खडकाळ होते, आणि तासाभराच्या आत आपण सुकी नदीच्या खोऱ्यात पोहोचतो. १९६९ साली जाहीर झालेल्या यावल अभयारण्याचा विस्तार पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीपलीकडेही रान चालूच राहते, म्हणून प्राण्यांना ये-जा करायला वाट आहे. बिबट्या, अस्वल, तरस, भेकर, चौसिंगा, नीलगाय अशी इथली वस्ती. अभयारण्यात परवानगीवाचून पायी शिरता येत नाही, तेव्हा पालला पोहोचताच वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन प्रवेशाचे पैसे भरावेत, वाटाड्या मागावा आणि त्याला पहिल्याच भेटीत सांगावे की आम्हाला ‘पॉइंट’ पाहायचे नाहीत, पाणवठ्यावर बसायचे आहे. हे आधी सांगितले नाही तर तो बिचारा आपल्या समजुतीने धरणाची भिंत, हरणांचे पैदास केंद्र, आणखी एक धरण असे दाखवत फिरतो, कारण बहुतेक पाहुण्यांना तेच हवे असते.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून, जेवून, चार वाजता गारबर्डी धरणाच्या काठी जाऊन बसावे. दुसऱ्या दिवशी पहाटे बसणे, मग आपल्या चालीने चालणे, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा त्याच जागी बसणे. ‘त्याच जागी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. यजमान म्हणतील, इथे सकाळी काही दिसले नाही, दुसरीकडे जाऊ. जाऊ नका. एकाच जागेला तीनदा बसले की तिसऱ्या वेळी जागेतला बदल दिसू लागतो: काल नसलेली विष्ठा, ओल्या मातीत उमटलेला नवा खूर, वारुळाला पाडलेले ताजे भगदाड. अस्वलाच्या विष्ठेत हिवाळ्यात बोराच्या बियाच बिया असतात. काडीने ती उसकून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे आणि मुली नाक मुरडत असत. चालताना सागाचे एखादे कोवळे पान मिळाले तर तळहातावर चुरगाळून पाहा. हात कुंकवासारखा लाल होतो.

हतनूरविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण भुसावळात राहूनही बहुतेकांनी ते फक्त पुराच्या बातमीत, उघडलेल्या दरवाजांसह पाहिलेले असते. तापी आणि पूर्णा यांच्या संगमाखाली बांधलेले हे धरण उथळ आणि गाळाने भरलेले आहे. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हा गाळ डोकेदुखी असेल, पण पक्ष्यांच्या दृष्टीने तो ताटात वाढलेले अन्न आहे. पावसाळा सरताना जलाशय भरतो आणि हिवाळ्यात पाणी जसजसे उतरते, तसतशी काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यातले किडे आणि शिंपले टिपायला तुतवार, शेकाटे, शराटी उतरतात, उथळ पाण्यात थापट्या आणि हळदीकुंकू बदके असतात, आणि जरा खोल पाण्यावर चांदव्यांचे काळे ठिपके. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आणि चक्रवाकही हिवाळ्यात इथे येतात. जानेवारीचा तिसरा आठवडा यासाठी फार चांगला.

चांगदेव गावाच्या बाजूने, संगमावरच्या जुन्या दगडी मंदिराकडून जावे. उजाडताना पाण्यावर धुके असते आणि पक्षी नुसते ऐकू येतात. त्या वेळी घाईने काठावर जाऊन त्यांना उठवू नये, मंदिरापाशीच थांबावे. उन्हे वर आली की कवड्या खंड्या पाहायला विसरू नका. हा काळा-पांढरा खंड्या नुसता फांदीवर बसून वाट पाहत नाही. पाण्यापासून पंधरा-वीस फुटांवर हवेत एका जागी पंख फडफडवत उभा राहतो, चोच सरळ खाली रोखतो आणि दगड सोडल्यासारखा पडतो. मी मनातल्या मनात अंक मोजते. कधी आठ, कधी पंधरा अंक तो हवेत तसाच थांबतो, आणि दर वेळी मासा मिळतोच असे नाही. ज्याला ‘काहीतरी घडताना’ पाहायचे आहे अशा माणसाला हा पक्षी हमखास बांधून ठेवतो. माझ्या यजमानांचे पक्ष्यांशी सूत जुळले ते याच्यामुळे, चौसिंग्यामुळे नव्हे.

तोरणमाळ मी या फेरीतून वगळले आहे, ते कमी प्रतीचे म्हणून नव्हे, तर त्याला स्वतंत्र तीन रात्री द्याव्यात म्हणून. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास असलेले ते पठार, यशवंत तलाव, सीताखाईची दरी, पावरा-भिल्लांचे पाडे, हे एका संध्याकाळी उरकण्याचे ठिकाण नाही. शिवाय तिकडे जाण्याचे एक मोठे कारण आहे, ज्याचे नाव आपल्या यादीत नाही: रानपिंगळा. १८७३ साली शास्त्रीय वर्णन झालेला हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४नंतर कोणाला खात्रीने सापडला नव्हता आणि तो नामशेष झाला असे धरले गेले होते. नोव्हेंबर १९९७मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो आपल्या शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसला. एकशे तेरा वर्षे! आणि गंमत अशी की तो रात्री नव्हे, दिवसाउजेडी शिकार करतो. थंडीच्या सकाळी निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर ऊन खात बसलेला असतो. गावातला साधा पिंगळा ठिपकेदार असतो. याचे डोके आणि पाठ जवळजवळ कोरी, पोट पांढरे आणि पंजे देहाच्या मानाने दणकट. त्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज लावणारे लोक मला भेटले आहेत. तसे कधीही करू नये; हिवाळा हा त्याच्या विणीचा काळ आहे आणि खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे तो आपली ढोली सोडून धावतो. तोरणमाळचा बेत कराल तेव्हा शहाद्याला गाडीची टाकी भरून घ्या आणि घाट उजेडी चढा. आम्ही एकदा अंधारात चढलो होतो. तो प्रवास आठवला की यजमान अजूनही गप्प होतात, आणि ते गाडीच्या क्षेत्रातले माणूस आहेत.

उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आणि मनुदेवीचा धबधबा यांसाठी एखादा रविवार पुरेसा आहे. मनुदेवीला पावसाळ्यात जावे. जानेवारीत धबधब्याच्या जागी ओला कडा दिसेल.

पाटणादेवीचा विचार वेगळा करावा, कारण तिथे गाडीची गरजच नाही. भुसावळहून रेल्वेने चाळीसगाव आणि पुढे अठरा किलोमीटर रिक्षाने किंवा जीपने, की आपण गौताळा-औट्रामघाट अभयारण्याच्या पायथ्याशी. चंडिकादेवीचे मंदिर, मागे केदारकुंडाची घळ, वर पितळखोऱ्याची लेणी. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख याच पाटणचा. तिथे एकदा मी मोराच्या मागे ओढ्याच्या काठाने धडपडत असताना एका गुराख्याने मला हटकले होते: “आठेच बठा, तो येईच.” म्हणजे इथेच बसा, तो येईलच. मी बसले आणि मोर खरोखरच आला. पाटणादेवी श्रावणात सर्वांत सुंदर असते, पण मुसळधार पावसाचा इशारा असेल तर बेत रद्द करावा. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावात पूर आला, तो एका रात्रीच्या पावसाचा परिणाम होता. घळीत उभे असताना वर डोंगरात किती पाऊस झाला, हे आपल्याला कळत नाही.

यजमानांचा वाघाचा प्रश्न राहिला. खान्देशात वाघ आहे. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-वढोद्याच्या परिसरात, पूर्णाकाठच्या केळीच्या बागांत आणि लगतच्या रानात त्याचा वावर आहे, आणि २०१४ साली तिथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. पण ती सफारीची जागा नाही. तिथला शेतकरी रात्री केळीला पाणी द्यायला जातो तेव्हा वाघ आहे हे धरूनच जातो. त्याच्या बांधावर गाड्या उभ्या करून आपण वाघाची वाट पाहणे मला योग्य वाटत नाही, आणि ते धोक्याचेही आहे. यजमानांना वाघ पाहायचाच असेल तर त्यांनी मेळघाट किंवा ताडोबाची वेगळी सहल करावी आणि आपण तिच्याकडून पक्ष्यांची अपेक्षा ठेवू नये. एका सहलीवर दोघांच्या इच्छा लादल्या की ती कोणाचीच होत नाही.

सुरक्षिततेविषयी आपण विचारले आहे. बिबट्यापेक्षा अस्वलाला जपावे, कारण ते नजरेने आणि कानाने मंद असते, अचानक समोरासमोर येते आणि घाबरून अंगावर धावते. म्हणून दाट झुडपातून किंवा मोठ्या खडकांमधून जाताना गप्प न राहता बोलत जावे. शांतता पाणवठ्यासाठी राखून ठेवावी. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात तेव्हा पहाटे मोहाखाली जाऊ नये, ती वेळ अस्वलाची असते. फुरसे आणि मण्यार यांच्यासाठी घोट्यावर येणारे बूट आणि अंधारात हाती विजेरी एवढे पुरते. रानात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा कोठे जातो आणि किती वाजता परतणार, हे विश्रामगृहाच्या चौकीदाराला सांगून निघावे. आणि एक गोष्ट, जी पुरुष लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते: हतनूरच्या काठी किंवा रानात स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नये. या भीतीने पाणीच न पिणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत आणि दुपारी त्यांचे डोके दुखते. वाटाड्याला स्पष्ट सांगावे की दहा मिनिटे पुढे जाऊन थांबा. त्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता दुर्बीण. आपण महागडा कॅमेरा घ्यावा का असे विचारले आहे, तर तेच पैसे दोन साध्या, बऱ्या दुर्बिणींवर खर्च करावेत असे मी म्हणेन. एक दुर्बीण दोघांत वापरणे म्हणजे पक्षी उडण्याआधी ती हिसकावून घेणे. आठ पट आणि बेचाळीस मिलिमीटर अशी लिहिलेली दुर्बीण घ्या. पुढचे भिंग मोठे असल्याने पहाटेच्या अंधुक उजेडात ती चालते, आणि दहा पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जितका जाणवतो तितका हिच्यात जाणवत नाही. कपडे मळकट रंगाचे असावेत, पांढरा रंग नको, आणि अत्तर लावू नये. जानेवारीत पालला पहाटे चांगलीच थंडी असते, तेव्हा बसायला घोंगडी आणि डोक्याला मफलर हवा.

शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या; दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस मऊ राहते आणि खाताना कुरकुरीत पिशवीचा आवाज होत नाही. पाणवठ्यावर वेफर्सचे पाकीट फोडणाऱ्याला मी पुन्हा बरोबर नेत नाही.

पालच्या विश्रामगृहाची खोली वनविभागाकडे आजच विचारा, कारण २६ जानेवारी जवळ आला की शनिवार-रविवारच्या खोल्या आधी संपतात. शक्य असल्यास रजा सोमवार ते गुरुवार अशी घ्या. दोघांची ओळखपत्रे आणि रोख पैसे जवळ ठेवा. खोली मिळाली नाही तर सावदा किंवा रावेरला मुक्काम करून पहाटे पाचला वर जाता येते, फक्त झोप कमी होते. आणि जेवणाचे चौकीदाराला आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितले तर डाळ-भात मिळतो, आधी सांगितले तर भरीत आणि कळण्याची भाकरी.